वास्तूचा घुमारा : प्रस्तावना

१९६८ साली पॉल हॉर्न या अमेरिकन वादकांनी ताजमहालाच्या घुमटाखाली एकट्याने फ्लूट वाजवली आणि ते वादन ध्वनिमुद्रित झाले. ‘इनसाइड’ या नावाने त्याची तबकडी निघाली. ती ऐकू लागताच एक गोष्ट लक्षात येते. वादक चार-दोन स्वर वाजवतात आणि थांबतात. संगमरवरी घुमटात ते स्वर कित्येक सेकंद रेंगाळतात, त्यांच्यावर पुढचा स्वर येऊन बसतो आणि एका वेळी एकच स्वर काढणाऱ्या वाद्यातून दोन-तीन स्वरांचा मेळ उभा राहतो. कोणत्या स्वरामागून कोणता घ्यायचा, किती थांबायचे, जलद जागा कुठे टाळायच्या, हे सारे तिथे घुमटाचा कल पाहून ठरले आहे. हेच वादन, याच विरामांसकट, जाड पडदे लावलेल्या स्टुडिओत झाले असते तर तुटक वाटले असते. उलट स्टुडिओत भरभर वाजवलेले काही नंतर संगणकावर ताजमहालाच्या घुमाऱ्यात बुडवले, तर स्वरांवर स्वर आदळून सगळा गोंधळ होईल. या पुस्तकाची भूमिका इथूनच सुरू होते. प्रत्यक्ष मैफलीच्या ध्वनिमुद्रणात वास्तू ही मागाहून चढवायची सजावट नसते. कलाकार तिच्याशी जुळवून घेत गातो-वाजवतो, त्यामुळे ती सादरीकरणाचाच एक घटक असते. म्हणून तिचा आवाज टिपणाऱ्या माइकांचा विचार सगळ्यांत शेवटी, उरलेल्या स्टँडवर आणि उरलेल्या चॅनलमध्ये उरकणे चुकीचे आहे. तो विचार आधी व्हायला हवा.

या विषयाकडे नव्याने वळणाऱ्यांसाठी थोडी ओळख करून द्यायला हवी. बंद जागेत गायकाचा आवाज माइकापर्यंत तीन टप्प्यांत पोहोचतो. सर्वांत आधी थेट आवाज येतो. मग काही मिलिसेकंदांनी जमीन, छत आणि जवळच्या भिंती यांवरून परतलेले पहिले पडसाद येतात. त्यानंतर असंख्य पडसाद एकमेकांत मिसळून तयार झालेला, हळूहळू विरत जाणारा घुमारा येतो. पहिल्या पडसादांवरून कानाला जागेच्या आकाराचा अंदाज येतो. घुमाऱ्यावरून ती दगडाची आहे की लाकडाची, रिकामी आहे की भरलेली, हे कळते. अंतर दुप्पट झाले की थेट आवाज ६ डेसिबलने उतरतो, घुमारा मात्र सभागृहभर साधारण सारख्याच पातळीवर असतो. त्यामुळे कलाकारापासून मागे सरकत गेले की एका अंतरावर दोघांची पातळी समान होते. याला क्रांतिक अंतर म्हणतात. त्याच्या अलीकडे माइक ठेवला तर कलाकार जवळ वाटतो, पलीकडे नेला तर वास्तू पुढे येते. एकाच माइकात शिरलेले हे प्रमाण नंतर फेडर वरखाली करून बदलता येत नाही. ते माइकाच्या जागेनेच ठरते.

सभागृहांच्या ध्वनिशास्त्राचा पाया भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सेबाइन यांनी घातला. हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातल्या व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द एकमेकांत मिसळून जात. त्यावर उपाय शोधण्याचे काम १८९५ साली सेबाइन यांच्याकडे आले. रात्रीच्या शांततेत, जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या आणून त्यांनी त्या खोलीत मांडल्या आणि ऑर्गनच्या नळीचा आवाज थांबल्यावर तो विरायला किती वेळ लागतो हे गाद्या वाढवत-कमी करत मोजले. घुमाऱ्याचा काळ जागेच्या घनफळावर आणि तिच्यातल्या शोषणावर अवलंबून असतो, हा नियम त्यांतून हाती आला. आवाज ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ हे घुमाऱ्याच्या काळाचे आजचे माप. १९०० साली उघडलेला बोस्टनचा सिम्फनी हॉल सेबाइन यांच्या सल्ल्याने बांधला गेला. श्रोत्यांनी भरलेल्या त्या सभागृहात हा काळ दोन सेकंदांच्या आसपास आहे. ध्वनिमुद्रकाने यातून एक गोष्ट कायम लक्षात ठेवायची : गादीप्रमाणे माणूसही आवाज शोषतो. दुपारी रिकाम्या सभागृहात कानाला पसंत पडलेली माइकाची जागा संध्याकाळी भरल्या सभागृहात तशीच वागेल, असे धरून चालता येत नाही.

वास्तूचा आवाज टिपण्याचा इतिहास खरे तर मायक्रोफोनपासूनच सुरू होतो. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले तेव्हा आवाज एका कर्ण्यात सोडावा लागत होता आणि त्या कर्ण्याच्या जोरावर सुई मेणावर खाच पाडत होती. खोलीतून परतणारे क्षीण पडसाद टिपण्याची ताकद त्या यंत्रात नव्हती. त्यामुळे त्या काळच्या तबकड्यांत गायक आहे, पण जागा नाही. १९२५ साली विजेवर चालणारे मुद्रण आले. त्याच वर्षी कोलंबिया कंपनीने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसमध्ये प्रचंड मोठ्या समूहाचे गायन मुद्रित केले आणि तबकडीतून प्रथमच एवढी मोठी जागा ऐकू आली. तरीही पुढची कित्येक वर्षे कोरडेपणालाच स्पष्टता मानले जात होते. संचालक तोस्कानिनी यांच्या वाद्यवृंदाचे कार्यक्रम अमेरिकेतल्या एनबीसी या नभोवाणी कंपनीच्या ज्या ८-एच स्टुडिओतून होत, त्याच्या कोरड्या आवाजाबद्दल श्रोते आणि समीक्षक सतत तक्रार करत. वादक उत्तम, संचालक महान, तरी काहीतरी उणे वाटते, हा अनुभव तेव्हाच्या श्रोत्यांनी घेतला. वास्तूचे महत्त्व तिच्या अभावातून कळले, ते असे.

वास्तूचा आवाज टिपण्याचे जे मार्ग निघाले, त्यांचे ढोबळमानाने चार संप्रदाय करता येतात. पहिला कमीत कमी माइकांचा. ॲलन ब्लमलाइन यांनी १९३१ साली इंग्लंडमध्ये स्टिरिओचे पेटंट मागितले. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जोडीत पुढून आणि मागून सारखेच ऐकणारे दोन माइक एकाच जागी, ९० अंशांच्या कोनात असतात. पुढची बाजू कलाकार टिपते, मागची बाजू सभागृह. फ्रेंच नभोवाणीने रूढ केलेल्या ओआरटीएफ जोडीत समोरून जास्त आणि मागून कमी ऐकणारे दोन कार्डिऑइड माइक १७ सेंटिमीटर अंतरावर, ११० अंशांत उघडलेले असतात. १९५१ साली मर्क्युरी कंपनीने शिकागोचा वाद्यवृंद संचालकाच्या डोक्यावर टांगलेल्या एकाच माइकावर मुद्रित केला, तोही याच निष्ठेने. दुसरा संप्रदाय डेक्का कंपनीचा. १९५४च्या सुमारास तिथल्या अभियंत्यांनी सर्व दिशांनी ऐकणारे तीन माइक इंग्रजी टी अक्षराच्या आकारात वाद्यवृंदावर उभारले. त्यांतल्या अंतरांमुळे दिशेचा नेमकेपणा थोडा कमी होतो, पण आवाजाला भरदार विस्तार येतो. तिसरा संप्रदाय रॉक आणि लोकप्रिय संगीताने घडवला. प्रत्येक वाद्याला जवळचा माइक, शिवाय श्रोत्यांकडे रोखलेले वेगळे माइक, आणि सारे स्वतंत्र ट्रॅकवर. चौथा अलीकडचा, श्रोत्याला चहूबाजूंनी वेढणाऱ्या आवाजाचा. जपानच्या एनएचके या प्रसारणसंस्थेतले अभियंते किमिओ हामासाकी यांनी सुचवलेल्या चौकोनात चार द्विमुखी माइकांची बहिरी बाजू मुद्दाम रंगमंचाकडे ठेवलेली असते. थेट आवाज त्यांत कमी येतो आणि बाजूच्या भिंतींवरून येणारा घुमारा भरपूर.

या संप्रदायांमधले मतभेद उपकरणांविषयी नाहीत. श्रोत्याला कुठे बसवायचे, हा त्यांच्यातला खरा वाद आहे. पहिला संप्रदाय त्याला सभागृहातल्या एका उत्तम खुर्चीवर बसवतो. तिसरा त्याला कलाकाराच्या अगदी जवळ नेतो आणि सभागृह मागे अंथरतो. आपल्या संगीतात हा प्रश्न अधिक नाजूक होतो, कारण आपल्याकडे उत्तम खुर्ची एकच नाही. दिवाणखान्यातल्या बैठकीत श्रोता कलाकारापासून दोन-तीन मीटरवर असतो. सतरंज्या, गाद्या, लोड आणि माणसे मिळून घुमारा जवळजवळ पिऊन टाकतात, आणि उरतात ते जमिनीवरून, छतावरून आलेले अगदी जवळचे पडसाद, तंबोऱ्यांची भरलेली आस आणि ऐकणाऱ्यांची दाद. देवळाच्या दगडी सभामंडपात कीर्तनकाराच्या शब्दाला शेपूट येते आणि टाळांचा आवाज सगळ्यांवर पसरतो. पुण्यात १९५३ पासून भरत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या ठिकाणी कापडी मंडपाला परतवणाऱ्या भिंतीच नसतात. तिथले वातावरण म्हणजे हजारो श्रोते आणि लांबवरच्या स्पीकरांचे उशिरा पोहोचणारे आवाज. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राचे टाटा थिएटर १९८० साली उघडले, ते ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस यांच्या ध्वनिरचनेमुळे मुळातच ध्वनिवर्धकाविना ऐकता यावे अशा बेताने बांधलेले. या चारही ठिकाणी एकच माइकजोडी, एकाच उंचीवर आणि एकाच अंतरावर लावणे म्हणजे चार वास्तूंना एकच ठरवणे. हिंदुस्थानी संगीताचा फार मोठा ठेवा रसिकांनी खासगी मैफलींत केलेल्या टेपांवर आहे. त्यांतल्या अनेक टेपांत खरखर आहे, समतोल नाही, तरी जाणकार त्या स्टुडिओतल्या तबकड्यांइतक्याच, कधी अधिक, जपतात. गवई समेवर येताना बैठक कशी सावरून बसते, हे त्या टेपांत ऐकू येते.

या भूमिकेवर घेतले जाणारे आक्षेप गंभीर आहेत आणि त्यांना उत्तर द्यायला हवे. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप संगणकाचा. आज जगातल्या नामांकित सभागृहांचे ध्वनिठसे तयार मिळतात. जवळच्या माइकाने स्वच्छ आवाज घ्या आणि हवे ते सभागृह नंतर लावा, असे म्हटले जाते. हे तंत्र खोटे नाही. पण त्याचा सर्वांत यशस्वी प्रयोग काय सांगतो ते पाहावे. इस्तंबूलच्या हागिया सोफियात संशोधकांनी फुगे फोडून तिथला घुमारा टिपला. तिथे गायनाला मुभा नव्हती, म्हणून अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या साहाय्याने काप्पेला रोमाना या गायकसमूहाने तो घुमारा दुसऱ्याच सभागृहात उभा केला. २०१९ साली निघालेल्या त्या ध्वनिमुद्रिकेतला महत्त्वाचा भाग असा की गायक गात असताना तो घुमारा त्यांच्या कानांवर पडत होता, आणि त्यांनी लय, श्वास, विराम त्याप्रमाणे बांधले. म्हणजे संगणकाने उभी केलेली वास्तूसुद्धा गाण्याच्या आधी हजर असावी लागली. शिवाय असा ठसा सहसा एका ठिकाणच्या आवाजाचा, आणि बहुधा रिकाम्या सभागृहात घेतलेला असतो. प्रत्यक्षात तबल्याचा आवाज वर आणि पुढे फेकला जातो, तंबोरा वेगळ्या दिशेने गुंजतो, गायक मान वळवतो, आणि सभागृह माणसांनी भरलेले असते. नंतर लावलेला घुमारा पडलेली उणीव बऱ्याच अंशी झाकू शकतो. कलाकार आणि वास्तू यांच्यात त्या संध्याकाळी काय घडले, ते मात्र त्याला सांगता येत नाही.

दुसरा आक्षेप गैरसोयीच्या वास्तवाचा. आपली बरीच सभागृहे सदोष आहेत, पंखे घरघरतात, बाहेर रिक्षा वाजतात, मग तो आवाज कशाला टिपायचा? लंडनच्या किंग्जवे हॉलखालून भुयारी रेल्वे जात होती. तिचा घरघराट तिथल्या कित्येक ध्वनिमुद्रणांत ऐकू येतो, तरी डेक्का आणि ईएमआय या कंपन्या अनेक दशके तिथेच जात राहिल्या, कारण त्या हॉलचा आवाज त्यांना इतरत्र मिळत नव्हता. गोंगाटाची किंमत मोजूनही वास्तू हवी, असा तो व्यावहारिक निर्णय होता. अर्थात प्रत्येक सभागृह किंग्जवे नसते. वाईट वास्तूत तिचा माइक मिश्रणात अगदी थोडा ठेवावा, प्रसंगी बंदही करावा. पण तो निर्णय मुद्रण झाल्यावर, ट्रॅक हातात असताना घ्यायचा असतो. माइक लावलाच नाही तर निर्णय घ्यायला काही उरतच नाही.

तिसरा आक्षेप तबल्यावरून येतो आणि तो अगदी रास्त आहे. लांबचा माइक मिसळला की ठेका विसकटतो, असे तबलजी सांगतात. आपल्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो, म्हणजे मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद लागतात. रंगमंचापासून २० मीटरवरच्या माइकात तबल्याची थाप जवळच्या माइकापेक्षा सुमारे ५७ मिलिसेकंदांनी उशिरा येते. अतिद्रुत लयीत मिनिटाला ४८० मात्रा धरल्या तर एक मात्रा १२५ मिलिसेकंदांची. म्हणजे लांबचा माइक जवळजवळ अर्ध्या मात्रेवर दुसरी थाप टाकतो, आणि चाटीवरची, म्हणजे तबल्याच्या काठावरची, सफाई बिघडते. उपाय मात्र आहेत. साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत परतलेला आवाज कान वेगळा न ऐकता मूळ आवाजातच जमा करतो, हे संशोधक हेल्मुट हास यांनी १९४९ साली दाखवले. त्यामुळे माइक सात-आठ मीटरवर आणावा. किंवा कार्डिऑइड माइकाची पाठ रंगमंचाकडे करून थापेची धार बोथट करावी आणि सभागृह तेवढे घ्यावे. किंवा संगणकावर तो ट्रॅक पुढे सरकवून थाप थापेवर आणावी, मात्र तेव्हा टाळ्याही तेवढ्याच आधी येतात, हे ध्यानात ठेवावे. ध्वनिवर्धकांचा प्रश्नही याच जातीचा आहे. स्पीकरांच्या माऱ्यात ठेवलेला माइक वास्तूऐवजी स्पीकरच टिपतो. तोच माइक स्पीकरांच्या मागे, रंगमंचाच्या कडेला, श्रोत्यांकडे तोंड करून आणि बहिरी बाजू स्पीकरांकडे ठेवून लावला तर पुष्कळ सुटका होते. नुसत्या मिक्सरमधून घेतलेल्या आवाजावर भिस्त ठेवणे हा यावरचा उपाय नव्हे. छोट्या सभागृहात तबला मुळातच सगळ्यांना ऐकू येतो, म्हणून साउंडवाले तो स्पीकरमध्ये कमी सोडतात. मिक्सरच्या ट्रॅकवर मग गाणे पुढे आणि तबला कुठेतरी मागे, असा समतोल उतरतो, आणि सभागृहातल्या कोणत्याही श्रोत्याने तो ऐकलेला नसतो.

चौथा आक्षेप श्रोत्यांविषयीचा आहे. लोक मोबाइलवर ऐकतात, त्यांना हे बारकावे कशाला? मोबाइलच्या स्पीकरवर दोन्ही बाजू एकत्र होतात आणि दूरदूर ठेवलेल्या माइकांचे आवाज काही ठिकाणी एकमेकांना मारतात, हे खरे. त्यासाठी समोर रोखलेला एक मधला माइक आणि बाजूंकडे तोंड असलेला एक द्विमुखी माइक यांची मध्य-पार्श्व पद्धत आहे. तीत पार्श्वमाइकाचा भाग दोन बाजू एकत्र करताच नाहीसा होतो आणि मधला माइक निर्दोष उरतो. पण त्याच मोबाइलला इअरफोन लावला की दिशा आणि खोली यांचे भान एरवीपेक्षा तीव्र होते, आणि पुष्कळ श्रोते आज तसेच ऐकतात. कोरडा आवाज इअरफोनमधून थेट डोक्याच्या आत बसतो. वास्तूचा आवाज त्याला बाहेर, समोर आणून ठेवतो.

वास्तूचा माइक श्रोत्यांनाही टिपतो, आणि तिथे या विद्येला साक्षीचे मोल येते. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या बांगलादेशासाठीच्या मैफलीत पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अकबर खाँ यांनी वाद्ये लावली, आणि त्या लावण्यालाच श्रोत्यांनी टाळ्या दिल्या. ध्वनिमुद्रिकेत त्या टाळ्या आहेत. एक संगीतपरंपरा दुसऱ्या देशाच्या श्रोत्यांपुढे आली, त्या क्षणाचा अस्सल पुरावा त्यांतून मिळतो. याच्या उलट १९६८च्या अमेरिकन गायक जॉनी कॅश यांच्या फॉल्सम तुरुंगातल्या प्रसिद्ध मैफलीत एका ओळीनंतर कैद्यांचा आरडाओरडा मागाहून घातला गेला, आणि पिढ्यान्‌पिढ्या श्रोते तो खरा मानत आले. २०२० साली आयपीएलचे सामने संयुक्त अरब अमिरातीत प्रेक्षकांविना झाले तेव्हा प्रक्षेपणात आधी मुद्रित केलेला गजर मिसळला गेला. तो कृत्रिम आहे हे सर्वांना ठाऊक होते, तरी तो हवा होता. माणसांना जागेचा आणि जमावाचा आवाज किती लागतो, हे यावरून दिसते. म्हणूनच त्याच्याबाबत प्रामाणिक राहण्याची जबाबदारी मोठी आहे. दाद वाढवणे, खोकला काढणे, दोन दिवसांच्या टाळ्या जोडणे हे तांत्रिकदृष्ट्या आज सोपे आहे. यातले काय केले, हे नोंदवण्याची शिस्त मात्र आपल्याकडे अजून रुजायची आहे.

वास्तूच्या आवाजाचा आधी विचार करण्याची गरज आज तातडीची आहे, कारण साधने स्वस्त झाली आणि सवयी मात्र कोरड्या राहिल्या. खिशात मावणाऱ्या रेकॉर्डरलाही आता चांगली माइकजोडी असते, पण त्याची आपोआप पातळी राखणारी सोय चालू ठेवली की विराम फुगतात, समेवरचा जोर दबतो आणि वास्तूचा आवाज श्वासासारखा वरखाली होऊ लागतो. थेट प्रक्षेपणे बहुधा मिक्सरमधून आवाज उचलतात आणि कलाकार जणू कोणापुढेच गात नाही असे वाटते. त्याच वेळी जुने वाडे पडत आहेत, नाट्यगृहांची डागडुजी होते आहे, आणि त्यांच्या भिंतींबरोबर त्यांचे आवाजही बदलत आहेत.

हे पुस्तक म्हणूनच उपकरणांच्या क्रमाने न जाता जागांच्या क्रमाने जाते. बैठक, नाट्यगृह, देऊळ, चर्च, मंडप, खुले मैदान अशा ठिकाणी काय ऐकावे, माइक कुठून कुठे हलवावा, काय हातचे राखावे आणि काय सोडून द्यावे, याचा विचार त्यात आहे. सूत्रे आणि आकडे जिथे निर्णयाला मदत करतात तिथेच दिले आहेत. गाव-तालुक्यातल्या संगीत मंडळांचे ध्वनिमुद्रक, नभोवाणी आणि चित्रपटाच्या ध्वनिविभागात शिरू पाहणारे विद्यार्थी आणि आपला आवाज कसा टिपला जावा हे जाणून घेऊ इच्छिणारे कलाकार हा त्याचा अपेक्षित वाचकवर्ग. त्यांच्याकडून तीन गोष्टींची अपेक्षा आहे. वास्तूचे माइक नेहमी स्वतंत्र ट्रॅकवर घ्यावेत. माइकांची उंची, अंतरे, स्पीकरांच्या जागा आणि श्रोत्यांचा अंदाज त्याच दिवशी लिहून ठेवावा. आणि मैफल सुरू होण्यापूर्वी काही मिनिटे, संपल्यावर काही मिनिटे मुद्रण चालू ठेवावे. पुढच्या पिढीतला कोणी आपल्या काळातले गाणे ऐकेल तेव्हा गायक काय गायला एवढेच त्याला पुरणार नाही. तो कुठे गायला आणि कोणापुढे गायला, हेही त्याला ऐकायचे असेल, आणि ते त्याला मिळेल की नाही हे आज स्टँड कुठे उभा राहतो यावर ठरणार आहे.